महापौरांना प्रश्न विचारायचा तरी कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की आपल्याकडे रकानेच्या रकाने भरतात. कोण, कुठल्या गटाचा, पूर्ण अडीच वर्षं की सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी. निवडून आल्यावर त्या व्यक्तीला सभागृहात कोण काय विचारणार, हे मात्र कुणी लिहीत नाही. लिहिणार तरी काय? आपल्याकडे महापौर सभेचे अध्यक्ष आणि कारभार आयुक्तांच्या हाती. नगरसेवक प्रश्न विचारतात प्रशासनाला, महापौर आसनावरून म्हणतात, ‘प्रशासनाने खुलासा करावा.’

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात लघुलेखक होतो. हे वाक्य इतक्या वेळा उतरवून घ्यावं लागे, की त्यासाठी मी स्वतःपुरती एक खूण करून ठेवली होती. दुसरी खूण होती ‘माहिती घेऊन कळवतो’ची. दोन्ही खुणा बहुधा एकापाठोपाठ यायच्या.

एका नगरसेविकाबाईंनी आपल्या प्रभागातल्या जलवाहिनीबद्दल लेखी प्रश्न दिला होता: काम संपल्याचं बिल निघालं, मग रस्ता अजून खणलेला का? सभा तहकूब झाली, प्रश्न पुढच्या विषयपत्रिकेवर गेला. पुढच्या वेळी कुणीतरी राजदंड पळवला. इतिवृत्तात मी कंसात ‘गोंधळ’ लिहिलं आणि प्रश्न पुन्हा पुढे. असं होता होता बाईंची मुदत संपली. प्रश्न तसाच राहिला. ही एकट्या त्या महापालिकेची तऱ्हा नाही, हे आपले वाचक जाणतातच.

मुलीकडे लंडनला गेलो असताना मी तिथल्या सिटी हॉलमध्ये ‘मेयर्स क्वेश्चन टाइम’ला जाऊन बसलो. प्रेक्षक कक्ष सर्वांना खुला असतो. तिथे महापौर अध्यक्षांच्या खुर्चीत नसतात, सदस्यांच्या समोर बसतात. सभा चालवणारा अध्यक्ष वेगळा. लंडन असेंब्ली, म्हणजे महापौरांच्या कारभारावर लक्ष ठेवणारं निवडून आलेलं सभागृह; तिचे 25 सदस्य वर्षातून दहा वेळा महापौरांना असे समोर बसवतात, आणि 1999 च्या कायद्यानुसार महापौरांना यावंच लागतं. शिवाय सभेपूर्वी आपल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा लागतो. बसभाडं, पोलीस, घरबांधणी, सगळं त्यात येतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये जुन्या प्रदूषणकारी गाड्यांवरचा रोज साडेबारा पौंडांचा आकार सगळ्या लंडनला लागू झाला, तेव्हा त्यावर तिथे किती खडाजंगी झाली, हे कुणालाही काढून वाचता येतं.

तिथे सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. प्रत्येक पक्षगटाला वेळ मोजून मिळतो आणि उत्तरही त्यातच बसवायचं असतं. महापौर बोलण्यात पटाईत असतील तर विचारणाऱ्याचा वेळ खाऊन टाकतात. 2013 मध्ये अर्थसंकल्पाच्या बैठकीत सदस्यांनी प्रश्न न विचारण्याचा ठराव केला, तेव्हा त्या वेळचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी त्यांना बिनकण्याची जेली म्हटलं होतं. आपल्या सभागृहात असं कुणी बोललं असतं, तर राजदंडाचं काही खरं नव्हतं!

माझं लक्ष खरं तर सभागृहातल्या चकमकींवर नव्हतं, कागदांवर होतं. सवयच ती. तोंडी विचारायचे राहून गेलेले प्रश्न तिथे सभेबरोबर बुडत नाहीत, त्यांना लेखी उत्तर मिळतं. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो. शेकड्यांनी येणारे लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरं संकेतस्थळावर असतात, सदस्याचं नाव घालून शोधता येतात. उत्तर गोलमाल असेल तर ते गोलमाल आहे, हेही सगळ्यांना दिसतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच ‘महापौर थेट जनतेतून निवडा’ अशी मागणी होते. मुंबईत 1998 साली महापौर परिषदेचा, म्हणजे कारभार महापौर आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांच्या हाती देण्याचा, प्रयोग झाला आणि लवकरच गुंडाळलाही गेला. अधिकारांची फेरवाटणी विधिमंडळ करील तेव्हा करील. तोवर आयुक्त उत्तर देणार असतील तर देवोत, पण ते लेखी, तारखेसह आणि सर्वांना वाचता येईल असं असावं. महापौरांच्या हातात सभा चालवणं आहे ना? मग प्रश्नोत्तरं आटोपल्याशिवाय अभिनंदनाचे ठराव घेऊ नयेत. एवढं तरी ते नक्कीच करू शकतात.

आणि विषयपत्रिकेच्या पहिल्याच पानावर अनुत्तरित प्रश्नांची यादी छापावी: प्रश्न कुणाचा, कोणत्या तारखेचा, कुठल्या खात्याकडे अडकला. ती करायला वेगळा कर्मचारी लागत नाही. नगरसचिव कार्यालयात अशी नोंदवही असते. आमच्याकडची कपाटात कुलूपबंद होती, आणि किल्ली मागायला कधी कुणी आलं नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त लघुलेखक