मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात लेबर रूमला नोकरी केली, आता रिटायर आहे. मागच्या महिन्यात भाचीच्या बाळंतपणाला रात्रभर तिच्याजवळ थांबले होते, खासगी हॉस्पिटल होतं, नाव लिहीत नाही कारण हे काही एकाच ठिकाणी होत नाही. रात्री ११ ला कळा वाढल्या, सिस्टर डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) लावून ठोके बघून गेली ती थेट सव्वाला आली. आल्या आल्या आधी फाईल उघडली आणि पार्टोग्राफवर (बाळंतपण कसं चाललंय याची नोंद करायचा तक्ता) मागच्या अर्ध्या अर्ध्या तासाचे टिंब टाकले, १४०, १४०, १४०, १४०. सगळे एका रेषेत. मी शेजारच्या स्टुलावरच बसलेली होते.

अहो कळा चालू असताना बाळाचे ठोके सहसा असे एका रेषेत राहात नाहीत. कळ आली की गर्भाशय आवळतं, वारेतून बाळाला मिळणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं, धडधाकट बाळ ते सोसतं पण दमलेल्या बाळाचे ठोके कळ ओसरताना खाली येतात आणि परत वर चढायला वेळ लावतात. म्हणून कळ संपता संपता ऐकायचं, पूर्ण १ मिनिट, घड्याळाकडे बघून, आणि एक हात आईच्या मनगटावर ठेवायचा नाहीतर आईचीच नाडी बाळाची म्हणून लिहिली जाते (हे मी नवीन असताना माझ्या हातून झालंय). ११० ते १६० मध्ये आले तर ठीक. कळा चालू झाल्यावर निदान दर अर्ध्या तासाला, आणि बाई जोर करायला लागली की दर ५ मिनिटांनी.

नातेवाईक म्हणतात पोटावर पट्टा बांधून सतत ठोके दाखवणारं मशीन का नाही लावलं. बीपी, रक्तस्राव, कळा वाढवायचं सलाईन असं काही असेल तर मशीन हवंच, पण सगळं नीट असलेल्या बाईला सतत मशीन लावायचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देत नाही, त्याने सिझर वाढतात आणि बाळं दगावण्याचं प्रमाण काही कमी होत नाही. अर्थात हे कधी, तर कोणी वेळेवर येऊन कानाने ऐकणार असेल तर.

दीडला भाचीचं पाणी गेलं, हिरवट होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती. ठोके ९६. डॉक्टर लगेच आले, सिझर झालं, मुलगी दोन दिवस काचेत होती, आता छान आहे. ठोके ऐकले नाहीत म्हणून पाणी हिरवं झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या सव्वादोन तासात बाळाचं काय चाललं होतं ते आता कोणालाच कळणार नाही, आणि फाईल म्हणते सगळं उत्तम होतं!

त्या पोरीवर माझा राग नाही, तिच्याकडे एकटीकडे चार पेशंट होते. पण रिकामा रकाना दिसला तर पुढचा डॉक्टर निदान विचारेल तरी की ऐकलं का नाही, १४० दिसलं की तो पान उलटतो. हॉस्पिटलवाल्यांनी रात्रीला अजून एक सिस्टर द्यावी, आणि तोवर न मोजलेला रकाना तसाच सोडला म्हणून कोणाला बोलू नये. बाळंतिणीसोबतच्या बाईनेही दर वेळी विचारावं, सिस्टर, ठोके किती आले?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा