सहाव्या दिवसाचा वाटा

प्रिय आई-बाबा,

सप्रेम शालोम.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. घराचे कर्ज अंगावर असताना मी शनिवारची पाळी नाकारली, याची तुम्हाला काळजी वाटणे स्वाभाविक आहे. इथे इस्रायलच्या कायद्याप्रमाणे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशीच्या कामाला किमान दीडपट वेतन मिळते. तेव्हा दोन-तीन वर्षे ती पाळी करावी, कर्ज फिटले की सोडावी, परमेश्वर समजून घेईल, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या शब्दाला फोनवर घाईने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

श्रद्धेची परीक्षा म्हटले की आपल्याला आधी अब्राहाम आणि त्याने बळी द्यायला नेलेला मुलगा इसहाक आठवतात. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, आपण तो अध्याय ऐकतो. पण ती परीक्षा एका माणसाची होती आणि एकदाच झाली. तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली परीक्षा मला आपल्या घराच्या अधिक जवळची वाटते. मिसरातून निघालेले लोक रानात अन्नासाठी कुरकुर करू लागले, तेव्हा परमेश्वराने आकाशातून भाकरी पाडण्याचे वचन दिले आणि त्याच दमात सांगितले, की लोक माझ्या नियमाप्रमाणे चालतात की नाही याची परीक्षा मी यातून घेईन. उपाशी ठेवून नव्हे, रोज पोटभर देऊन घेतलेली अशी ही परीक्षा आहे.

त्या भाकरीचे नाव मान्ना. दरडोई एक ओमेर, म्हणजे ठरलेले एक माप, मान्ना गोळा करायचा आणि दुसऱ्या सकाळसाठी काही ठेवायचे नाही. ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, तो रात्रभर ठेवला तरी नासत नसे, आणि शब्बाथला, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या शनिवारी, रानात काहीच सापडत नसे. तरीही काही जण त्या दिवशी गोळा करायला गेलेच. जी साठवण मंगळवारी अविश्वास ठरते, तीच शुक्रवारी आज्ञापालन ठरते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आई, तू आयुष्यभर काटकसरीने चार पैसे मागे टाकलेस, त्याला या अध्यायाचा विरोध आहे असे मी मानत नाही. योसेफानेही सुकाळाची सात वर्षे धान्य साठवलेच होते. परीक्षा आहे ती सांगितलेल्या वेळी आपला हात थांबतो की नाही, याची.

आपल्या धर्मगुरूंच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद, त्याच्या योमा भागात रब्बी शिमोन बार योखाई यांना शिष्य विचारतात, की मान्ना वर्षातून एकदाच का पडला नाही. ते राजाच्या मुलाचा दाखला देतात: वर्षाचा खर्च एकदम मिळाला, तेव्हा मुलगा वर्षातून एकदाच बापाचे तोंड पाहायला आला, रोजचा रोज मिळू लागला, तेव्हा रोज येऊ लागला. त्यापुढचे वाक्य मला दर वेळी थांबवते. ज्याच्या घरी चार-पाच मुले होती, तो उद्या मान्ना पडला नाही तर सगळी उपाशी मरतील या काळजीत असे, आणि म्हणून सर्वांची मने स्वर्गातल्या पित्याकडे वळत. म्हणजे मुलाबाळांची काळजी करणाऱ्याला तिथे अश्रद्ध म्हटलेले नाही. बाबा, तुमची काळजीही मी तशीच समजतो.

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पूर्वजांनी ही परीक्षा तोरा हाताशी नसतानाही दिली. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या कुटुंबांचे वंशज तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी घाणा चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या दिवशी बैलालाही विश्रांती मिळे, जशी दहा आज्ञांमध्ये सांगितली आहे. शेजारचे घाणे चालू असताना आणि गिऱ्हाईक दारात येत असताना त्यांनी ते पाळले. इथे शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी बसगाड्या थांबतात, दुकाने बंद होतात. त्यांच्या तुलनेत माझी परीक्षा कितीतरी सोपी आहे.

तुम्ही नोकरीत असताना शनिवार कामाचाच दिवस होता, आणि तुम्ही कामावर गेलात म्हणून आम्ही शिकलो. त्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काहीही नाही. इथल्या इस्पितळात शब्बाथला काम करणाऱ्या परिचारिकेलाही कोणी दोष देत नाही, कारण जीव वाचवणे शब्बाथच्या वरचे आहे. पण माझे काम गोदामातल्या यंत्रांच्या देखभालीचे आहे. रविवारपर्यंत ते थांबले तर कोणाचा जीव जात नाही, आणि सहा दिवसांच्या पगारात आमचे घर चालते, हप्ताही भरला जातो. दीडपट वेतन घेतले असते तर कर्ज लवकर फिटले असते, हे खरे आहे. परंतु पुरेसे असताना सातव्या दिवशी टोपली घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या लोकांत मला जायचे नाही.

शुक्रवारी आम्ही त्या दुप्पट वाट्याची आठवण म्हणून दोन भाकऱ्या झाकून ठेवतो आणि आईने सांगितल्याप्रमाणे मनुका भिजवून किद्दुशचे, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेचे, सरबत करतो. मुले आता आशीर्वाद स्वतः म्हणतात.

तेव्हा बाबा, माझ्यासाठी बँकेतली ठेव मोडू नका. ती तुमच्या दोघांच्या औषधपाण्यासाठी आहे आणि तिथेच राहू द्या. हप्त्यांचे कोष्टक सोबत जोडले आहे, ते पाहून घ्या, आणि काही शंका असल्यास रविवारी मी फोन करीन तेव्हा विचारा.

तुमचा मुलगा