यंत्राला सम सापडत नाही

मा. संपादक,

पंचवटीत मी 28 वर्षे हार्मोनियम शिकवते. गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी दुसऱ्या क्लासमधून मिळालेले छापील नोटेशन घेऊन आली. केरवा तालातले साधे भजन, पण मात्रांचे असे तुकडे पडलेले की मलाच ते वाजवता येईना. कुणीतरी कीबोर्ड संगणकाला जोडून वाजवले होते आणि संगणकाने आपोआप जे नोटेशन लिहिले ते न तपासता मुलांच्या हातात दिले होते.

नातवाला शेजारी बसवून मी तोच प्रयोग घरी केला. कीबोर्ड संगणकाला कळवतो ते एवढेच : कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली, केव्हा सोडली. ही ‘मिडी’ पद्धत 1983 पासूनची. तिच्यात प्रत्येक पट्टीला एक क्रमांक असतो; मधल्या सप्तकातली काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, तिच्या लेखी 61. तो षड्ज की कोमल रिषभ, हे आपण सा कुठे धरला त्यावर ठरते आणि आकड्याला सा माहीत नसतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीही माहीत नसते. मी सहा मात्रांचा दादरा वाजवला, तर संगणकाने चार-चार मात्रांचे विभाग पाडले!

तिगुणीचे तर फारच हाल. एका मात्रेत तीन सूर अगदी सारखे वाजवले. यंत्र प्रत्येक सूर जवळच्या पाव मात्रेवर नेऊन बसवत होते, आणि मात्रेचा तिसरा हिस्सा पाव मात्रांत बसतच नाही. कागदावर आले पाव, अर्धी, पाव. मोजमाप बारीक करून पाहिले, तर बोटाचा केसभर उशीरसुद्धा विराम म्हणून छापला गेला. शिवाय पुढचा सूर लागेपर्यंत मागचा सोडायचा नाही, ही आम्हा पेटीवाल्यांची सवय. यंत्राने ते दोन्ही सूर एकत्र वाजवल्याचे लिहिले.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली, पुस्तके छापली, आश्रम काढला तो याच नाशकात. इथे मुलांना असा कागद मिळावा, याचे मला फार वाईट वाटते.

यंत्र जरूर वापरा. आधी ताल, लय आणि सा त्याला सांगा, ठोका लावून वाजवा. छापण्यापूर्वी ते नोटेशन जाणत्या माणसाने पेटीवर एकदा वाजवून पाहावे, एवढी माझी क्लासचालकांना कळकळीची विनंती आहे. त्या मुलीचे भजन मी हाताने लिहून दिले. दोन संध्याकाळी लागल्या.

– एक संगीत शिक्षिका, पंचवटी, नाशिक