टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली म्हणजे टाकी साफ झाली असं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की पेपरात गढूळ पाण्याच्या आणि पोटाच्या तक्रारींच्या बातम्या येतात, खाली पालिकेचं नेहमीचं आवाहन, पाणी उकळून गाळून प्या. बरोबरच आहे ते. पण भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरिन घालून आलेलं पाणी सोसायटीच्या टाकीत पडल्यावर पुढे काय होतं यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी मुलुंडला सोसायटीच्या कमिटीत आहे आणि टाकी साफ करून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात असतं. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच, दोन पोरं येतात, पाणी सोडतात, तळाचा गाळ बादलीने काढतात, भिंतींवर पाइपने पाणी मारतात, पावडर टाकतात आणि बिल हातात. टाकी रिकामी असताना एकदा भिंतीवरून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं. लोक म्हणतात शेवाळ आहे, अहो पण झाकणबंद अंधाऱ्या टाकीत शेवाळ कुठून येणार, त्याला उजेड लागतो. तो बॅक्टेरियाचा थर असतो, बायोफिल्म म्हणतात तो हाच.

हा थर बसतो कसा ते समजलं तर पावडर का पुरत नाही ते आपोआप कळतं. भिंत पाण्यात बुडाली की आधी पाण्यातला बारीक सेंद्रिय माल तिच्यावर बसतो, मग त्यावर बॅक्टेरिया येऊन टेकतात. सुरुवातीला पकड कच्ची असते, बरेचसे सुटून जातात. जे टिकतात ते अंगावरच्या केसासारख्या धाग्यांनी धरून बसतात आणि स्वतःभोवती चिकटा सोडायला लागतात, त्यात साखरेच्या लांबलचक साखळ्या, प्रोटीन, डीएनए असं सगळं असतं. एकदा हा चिकटा जमला की पाइपच्या पाण्याला तो दाद देत नाही. आणि पावडरमधून क्लोरिन टाकलात तर तो वरवरच्या चिकट्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन खर्ची पडतो, आतल्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यात दम उरत नाही. वरचे मरतात, खालचे जगतात, टाकी भरली की पुन्हा पसरतात. शिवाय पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावा असं भारतीय मानक सांगतं, तोही हा थर खाऊन टाकतो.

यात नवीन काही नाही हो. लेवेनहूक या डच संशोधकाने 1680 च्या दशकात स्वतःच्या दातांवरचं कीट सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की व्हिनेगरने फक्त बाहेरचे जंतू मरतात, कीटाच्या आतले नाही. 1978 मध्ये कॅनडातल्या कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी बॅक्टेरिया चिकटतात कसे यावर लेख लिहिला आणि विषय जोरात पुढे गेला. आपण दात नुसती चूळ भरून साफ करत नाही, ब्रश करतो, टाकीचंही तेच.

या थरातले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात, उगाच घाबरायचं कारण नाही. पण नळाच्या पाण्यातून एखादा रोगाचा जंतू आला तर त्याला लपायला जागा आयती मिळते, म्हणून थर काढायचा.

तेव्हा कॉन्ट्रॅक्टरकडून आधी घासून घ्या आणि मग पावडर. भिंती, कोपरे, स्लॅबची खालची बाजू, फ्लोट व्हॉल्व्हचं रबर, सगळं नायलॉनच्या ब्रशने. तारेचा ब्रश नको, त्याने प्लास्टर ओरखडतं आणि खरखरीत जागेत थर अजून पटकन बसतो. घासलेलं पाणी पूर्ण उपसून टाका, नंतरच क्लोरिन, तोही निदान अर्धा तास ठेवून. पावडर ताजी हवी, उघड्या पिशवीतली कधीचीच उतरलेली असते. आणि माणूस आत असताना पावडर अजिबात टाकू नका, उतरण्याआधी झाकणं उघडून हवा खेळू द्या, बंद टाक्यांमध्ये गुदमरून माणसं गेली आहेत.

पालिकेने सोसायट्यांना पाठवायच्या सूचनेत "ब्रशने घासून" एवढे दोन शब्द टाकावेत असं मला वाटतं, खर्च काहीच नाही. आम्ही यंदा कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी लिहायला लावली तर काहींनी रेट वाढवला आणि एकाने फोन उचलणंच बंद केलं.

आपला,
एक सोसायटी सदस्य, मुलुंड (पूर्व), मुंबई