काकूंसाठी पाहिलेल्या वृद्धाश्रमाविषयी

सांगली,
9 जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे त्या वृद्धाश्रमात मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा व्यवस्थापकांना फोन करून सकाळी अकरा वाजता गेलो, आणि दुसऱ्यांदा कोणालाही न कळवता गुरुवारी सायंकाळी साडेपाचला. ‘एका वाक्यात सांग, आईला पाठवू की नको?’ असे तू फोनवर विचारलेस तेव्हा मी उत्तर टाळले, कारण पहिल्या भेटीनंतर मी ‘खुशाल पाठव’ म्हणालो असतो आणि दुसऱ्या भेटीनंतर ते शब्द मला गिळावे लागले असते. संस्थेचे नाव तुला ठाऊक आहेच. पत्र तुझ्या घरी चार जण वाचतील, म्हणून येथे लिहीत नाही.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागात 31 वर्षे हॉटेले आणि वसतिगृहे तपासण्यात गेल्याने मला मागच्या दाराने आत शिरण्याची खोड लागली आहे. स्वयंपाकघर स्वच्छ आहे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण आहे, आणि खिशातल्या बाटलीतले ओ.टी.चे, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे, थेंब टाकल्यावर नळाचे पाणी लगेच पिवळसर झाले, म्हणजे क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोहोचते आहे. खोल्यांमध्ये लघवीचा वास नाही आणि तो झाकण्यासाठी फवारलेल्या फिनेलचाही नाही. या दुसऱ्या वासाला मी जास्त भितो.

अंथरुणाला खिळलेले एक आजोबा खिडकीशी होते. त्यांची परवानगी घेऊन मी पांघरूण सारले आणि टाच पाहिली. टाचेवर रुपयाएवढी लाली होती. अंगठ्याने दाबल्यावर ती पांढरी पडली आणि अंगठा उचलताच पुन्हा लाल झाली, म्हणजे जखमेची सुरुवात अजून झालेली नाही. दाबूनही लाली तशीच राहिली असती, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी ठरली असती. तिथल्या मावशींना मी विचारले, तर ‘साहेब, काल रात्री एअर बेडची हवा गेली होती, म्हणून तेवढी लाली आलीय, आता दर दोन तासांनी कुशीवर वळवतोय,’ असे त्यांनी न अडखळता सांगितले. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवलेलीही होती. काय बिघडले आणि त्यावर काय केले, हे ज्या माणसाला तोंडपाठ असते त्याच्या हाती रुग्ण सोपवायला माझी हरकत नसते. काकूंना अशा मावशी मिळाल्या तर आपण नशीबवान म्हणायचे.

आता गुरुवारची गोष्ट. औषधांच्या खोलीत प्रत्येकाचा तक्ता भिंतीला लावलेला आहे आणि गोळी दिली की देणाऱ्याने तेथे सही करायची, अशी पद्धत आहे. मी पाहिले तेव्हा घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि रात्री नऊच्या रकान्यात अकरा जणांसमोर सह्या झालेल्या होत्या. गोळ्या मात्र डबीतच होत्या. मी काही न बोलता तक्त्याकडे बोट दाखवले, तेव्हा ड्युटीवरचा मुलगा शरमला आणि रात्री एकटाच असल्याने लिहिण्याचे काम आधी उरकून घेतो, असे म्हणाला. मुलगा लबाड नाही, दमलेला आहे. पण काकूंची रक्तदाबाची गोळी राहिली की दोनदा दिली गेली, हे सही झालेल्या तक्त्यावरून कोणालाही कधीच कळणार नाही. व्यवस्थापकांच्या टेबलामागे धर्मादाय आयुक्तालयातील नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावले आहे आणि ते त्यांनी मला दोन्ही वेळा दाखवले. नोंदणी हवीच, परंतु संस्था कोणाची आहे एवढेच त्यावरून समजते, रात्री नऊ वाजता तेथे काय होते ते समजत नाही.

इन्सुलिन स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तेही वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला टेकून. न फोडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवे. एकदा गोठले की वितळल्यावर ते नेहमीसारखे दिसले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही. मी सुचवल्यावर बाटल्या लगेच खालच्या कप्प्यात हलवल्या गेल्या. तरीही काकूंसाठी लहानसा थर्मामीटर आपणच घेऊन देऊ, त्याला फार पैसे पडत नाहीत.

सुधाकर, माझे मन खरे अडकले आहे ते रात्रीवर. तळमजला आणि पहिला मजला मिळून 26 माणसे राहतात, त्यांतील सात जण स्वतः उठू शकत नाहीत, आणि रात्री दहानंतर जागे असते ते एकच माणूस. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे दार आहे. विसराळू झालेले एक गृहस्थ मागे पहाटे रस्त्यावर निघून गेले होते, तेव्हापासून त्याला रात्री कुलूप लावतात. कारण समजण्यासारखे आहे. किल्ली कोठे असते, असे मी विचारले, तर ती बाहेर फाटकापाशी झोपणाऱ्या वॉचमनच्या खिशात असते, असे उत्तर मिळाले. वर आग लागली, तर एकट्या माणसाने आधी धावायचे कोणाकडे? अग्निशामक नळकांड्यांचे काटे हिरव्या पट्ट्यात आहेत, परंतु वरच्या मजल्यावरचे नळकांडे गव्हाच्या पोत्यांआड गेले आहे. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावे लागते. येथे मागच्या जुलैनंतरचे प्रमाणपत्र मला दिसले नाही.

काकूंना वरची खोली देऊ करत आहेत, आणि त्यातच मोठी अडचण आहे. ही इमारत नदीकडच्या बाजूला आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हाची पाण्याची रेघ तळमजल्याच्या भिंतीवर माझ्या खांद्याला लागते. रंग दिला आहे, तरी खाली प्लॅस्टर पोपडले आहे. पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यामुळे पुराच्या दृष्टीने वरचा मजला बरा वाटतो. पण लिफ्ट नाही, आणि जिना मधल्या वळणावर इतका अरुंद आहे की माझ्याजवळच्या टेपने मोजल्यावर स्ट्रेचर आडवे वळणार नाही, अशी खात्री झाली. वॉकर घेऊन चालणाऱ्या काकू वरून खाली कशा येणार? वर राहिलेल्या माणसाभोवती पाणी चढले आणि वीज गेली, तर फ्रिजमधले इन्सुलिन किती तास टिकेल? ‘पाणी वाढू लागले की आम्ही सगळ्यांना हलवतो,’ असे व्यवस्थापक म्हणाले. किती फुटांना हलवता, कोणत्या गाडीतून आणि कोठे, असे मी विचारले. मिरजेतील एका मंगल कार्यालयाशी बोलणे झाले आहे, असे ते म्हणाले. लेखी काही नाही. पाऊस तोंडावर आला आहे आणि कोयनेतून पाणी सोडल्यावर तोंडी बोलण्याचा कोणाला आधार वाटणार आहे? पुलापाशी 35 फूट झाले की न उठणाऱ्या सात जणांना सर्वांत आधी आणि उजेड असतानाच हलवायचे, असे कागदावर लिहून द्या, असा आग्रह मी धरला. 35 हा आकडा माझा आहे, वादाला वाव आहे. पण आकडा ठरलेला असणे मात्र मला गरजेचे वाटते.

न्हाणीघरात धरायला आडवे दांडे आहेत आणि फरशीही खरबरीत आहे. पाणी सोलरचे असल्यामुळे दुपारनंतर ते कढत येते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या काकूंच्या पायांना चटका समजत नाही, म्हणून अंघोळ मावशींनी कोपराने पाणी पाहिल्यावरच घालावी, असे त्यांच्या केस पेपरवर लिहून घेऊ. बेल आहे. तिची दोरी दोन पलंगांपाशी खिडकीच्या गजाला वर गुंडाळून ठेवली होती, कारण ‘आजी उगाच वाजवतात’. मी स्वतः ती सोडून उशीपाशी आणून ठेवली, आणि त्या आजींनी लगेच ती वाजवून पाहिली. कोणी आले नाही. मी चार मिनिटे मोजली.

हे सारे मी व्यवस्थापकांपुढे मांडले तेव्हा ते चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ‘महिन्याला एवढेच शुल्क घेऊन रात्री दुसरा माणूस कोठून ठेवू?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नाही. आपल्यासारखी दहा घरे थोडे अधिक द्यायला तयार झाली, तर तो माणूस उभा राहू शकेल, असे मला वाटते. त्याचा तू विचार कर. जाळीच्या दाराची दुसरी किल्ली आतल्या माणसाच्या कमरेला राहील, पोती हलतील, रात्रीची सही गोळी गिळल्यावरच होईल आणि काकूंना तळमजल्यावर दाराजवळची खोली मिळेल, असे त्यांनी कबूल केले आहे. करारपत्रात डिपॉझिट परत देण्याचे कलम आहे. काकूंना दवाखान्यात हलवायचे झाले तर निर्णय कोणी घ्यायचा, हे मात्र त्यात नाही, आणि तू नागपुरात असल्यामुळे तेथे माझे नाव व फोन नंबर घालायला माझी ना नाही.

तेव्हा काकूंना 15 तारखेला आणू नकोस. मी 20 च्या रात्री साडेदहाला न सांगता तिसरी फेरी मारणार आहे; किल्ली कोणाच्या कमरेला आहे आणि तक्त्यावरच्या सह्या कधीच्या आहेत, एवढे दोनच प्रश्न त्या रात्री विचारणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फोन करीन. तोवर काकूंच्या सगळ्या गोळ्यांची डॉक्टरांनी सही केलेली यादी आणि मागच्या तीन महिन्यांचे साखरेचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेव, आणि त्यांचा जुना वॉकर टाकून दिला नसशील तर तोच आण, कारण त्याच्या उंचीची त्यांच्या हाताला सवय आहे.

काकूंना माझा नमस्कार सांग. वहिनींनाही.

तुझा,
दत्ता