बाबा, मिरगाच्या आधी इकडे या

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला तेव्हापासून फोनवर तुम्ही इकडे येण्याचा विषय काढला की बाबा "बघूया" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहून पाठवतेय. इथे गोव्यात, पर्वरीला तळमजल्यावरचं घर घेतलं आहे. डिपॉझिट दिलं, चावीही मिळाली. मिरगाच्या आधी तुम्ही दोघांनी इकडे यायचं आहे. घर घेण्याआधी विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून ठरवून मगच सांगतेय. रागवा, पण या.

मुलीच्या घरी कसं राहायचं, हे तुमच्या मनात येणारच. बाबा, ही गोष्ट पहिल्यांदा संदीपनेच काढली. तुम्हाला अगदीच अवघड वाटलं तर पेन्शनमधून रोजची मासळी तुम्ही आणा, मी नाही म्हणणार नाही. आणि कायमचं या, असं मी म्हणतच नाही. पावसाळा इथे काढा. चवथीला आपण सगळे गावच्या घरीच असू, गणपती आपल्याच फळापानांच्या माटोळीखाली बसेल.

तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, म्हणून तुमच्याशी आकड्यांतच बोलते. १९९० साली आपल्या देशात दर १०० मृत्यूंपैकी १५ हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत. २०१६ साली ते २८ झाले. तेवढ्याच काळात असे रुग्ण अडीच कोटींवरून साडेपाच कोटींच्या आसपास गेले. जगात २०१९ साली १ कोटी ७९ लाख माणसं या आजारांनी गेली, आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास झाला. त्यात हृदयाचा पहिला झटका येण्याचं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र ५९ च्या आसपास. नानाकाका गेले तेव्हाचं त्यांचं वय मी तुम्हाला सांगायला नको. "तेवढंच आयुष्य होतं त्याचं," असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. मला आता ते म्हणवत नाही. विडी-सिगारेट, बीपी, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, अशा नऊच गोष्टींत बहुतेक सगळे झटके बसतात, असं त्याच अभ्यासात दिसलं. नशिबाच्या वाट्याला फार थोडं उरतं, बाबा.

माझी खरी भीती अंतराची आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो, आणि मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांची एक मोठी नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. त्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक होता ३६० मिनिटं. मध्यक म्हणजे काय ते तुम्हीच मला शिकवलंत. निम्म्या माणसांना सहा तासांहूनही उशीर झाला. आपल्या वाडीत फोनला रेंज मिळवायची तर सड्यावर चढावं लागतं. पावसात कॉजवे पाण्याखाली जातो. तिथून सावंतवाडी, आणि छातीचं दुखणं म्हटलं की पुढे गोव्यात बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ. नानाकाकांची गाडी कुठवर पोचली होती ते आपल्या तिघांनाही विसरता येत नाही. पर्वरीहून पूल ओलांडला की बांबोळी, कितीही गर्दी असली तरी तासाच्या आत. शिवाय गोव्यात छोट्या सरकारी दवाखान्यातही ईसीजी काढून बांबोळीच्या डॉक्टरांना लगेच दाखवतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे पाठवतात.

"स्टेंट घातला, आता मी ठणठणीत," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता म्हणे. तुम्ही ठणठणीतच राहणार आहात. पण स्टेंटने अडलेली एक जागा मोकळी झाली, बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच आहेत. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारायचं.

घराची काळजी नको. कपिला गायीला वरच्या वाडीतली काकी न्यायला तयार आहे, कलमांवर प्रकाशदादा लक्ष ठेवेल. इथे एकही पायरी चढावी लागत नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. देव्हारा पूर्वेला ठेवलाय. आईसाठी उकडे तांदूळ भरून ठेवलेत, सकाळची पेज चुकणार नाही. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. तिथे गेलीस की तुला घरची आठवण जरा कमी येईल, असं मला वाटतं. खालच्या देवळात भजन असतं, बाबा. पेटी वाजवणारं कुणी नाही, मी चौकशी केली आहे.

व्हाळ भरला की तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचात. इरलं माझ्या डोक्यावर आणि तुम्ही नखशिखांत भिजलेले. आई मग माझे पाय चुलीपुढे शेकत बसायची. भरल्या पाण्याच्या पलीकडे तुम्ही दोघं आणि अलीकडे मी, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ते मला सहन होत नाही, एवढंच खरं कारण आहे.

आता आई, तुझ्याबद्दल. सगळे बाबांच्या छातीकडे बघतात आणि तुझ्या बीपीच्या गोळ्या डब्यात तशाच राहतात. तुला शुगर आहे. शुगर असलेल्यांना, त्यातून बायकांना, कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा भरून येतो, घाम फुटतो. असं झालं तर ओवा चावून पडून राहायचं नाही, पहिल्यांदा मला सांगायचं. दिवसाला जास्तीत जास्त पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तेही सगळं धरून. खारा बांगडा आणि लोणचं बरणीभर आणू नकोस, चवीपुरतं आण.

संदीप शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. बाबांची डिस्चार्जची फाइल, जुने ईसीजी, दोघांची आधार कार्डं आणि चालू गोळ्या एका पिशवीत हाताशी ठेवा, डिकीत टाकू नका. जड ट्रंक बाबांनी उचलायची नाही, ती संदीप उचलेल. पेटी मात्र आठवणीने आणा.

तुमची,
मनू