शनिवारच्या चित्रपटाआधी एक विनंती

सभासदहो, शनिवारी आपण ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ बघतोय, २०१७चा. दिग्दर्शक केनेथ ब्राना, गुप्तहेर प्वारोही तेच. ब्रानांच्या त्या झुबकेदार मिशा मला अगाथा ख्रिस्तींच्या प्वारोला शोभणाऱ्या वाटतात.

जमलं तर आधी याच कथेवरचा सिडनी ल्यूमेट यांचा १९७४चा चित्रपट बघून या. त्यात इंग्रिड बर्गमनची चौकशी एका सलग शॉटमध्ये आहे; कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. या भूमिकेला ऑस्कर मिळालं.

आणि कळकळीची विनंती: खुनी कोण, हे ग्रुपवर फोडू नका. ख्रिस्तींची मूळ कादंबरी १९३४ची असली, तरी काहींनी ती अजून वाचलेली नाही. वाचलेल्यांनी चर्चेसाठी पुस्तक सोबत आणावं.